आवळा तोंडात असेपर्यंत

ज्या सरांनी मला ऐकायला शिकवलं, त्यांनी माझं एकही वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या सगळ्यांचीच ही गत होती. दारात चप्पल काढता काढता मी "सर, काल मी..." एवढं म्हणेपर्यंत आतून आवाज यायचा, "थांब बेटा, आधी माझं ऐक." मग काल मी काय केलं होतं ते माझं मलाच आठवेनासं व्हायचं.

तरी आम्ही जात होतो. गोंदियात मानसशास्त्रात एम.ए. करून घरी बसलेल्या पोरापोरींना जायला दुसरी जागा नव्हती. ही पदवी घेऊन आलं की शेजारीपाजारी आधी तळहात पुढे करून म्हणतात, "सांग पाहू, माझ्या मनात काय आहे?" मग कुणीतरी विचारतं, "म्हणजे तू पागलांची डॉक्टर होणार का?" आपण डॉक्टर नाही, ज्योतिषी तर नाहीच, हे समजावता समजावता जीव मेटाकुटीला येतो. नोकरीच्या जाहिराती निघतात त्या समुपदेशकाच्या. कधी शाळेत, कधी व्यसनमुक्ती केंद्रात, कधी ग्रामीण रुग्णालयात, आणि बहुतेक कंत्राटी. लेखी परीक्षेपर्यंत पुस्तकं पुरतात. मुलाखतीत मात्र एका माणसाला समोर आणून बसवतात आणि म्हणतात, हा तुमच्याकडे आला आहे, बोला याच्याशी. तिथे आमच्यातले भले भले आडवे व्हायचे. त्या एका खुर्चीची तयारी सर करून घेत, तीही फुकट.

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते. राइस मिलच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. कोंड्याची बारीक धूळ सगळ्या गल्लीवर बसलेली असायची, आणि दिवसभर मिलची घरघर. मिल संध्याकाळी बंद व्हायची, सर व्हायचे नाहीत. अंगाने किरकोळ, डोक्याला थंडीत माकडटोपी, तीही बोलता यावं म्हणून हनुवटीखाली ओढलेली. त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. गोरेलाल चौकातून ते "सरको भई, सरको, अरे ताई, बाजूला" असं बोलत बोलत जायचे आणि ओळखीचं कुणी दिसलं तर उतरून थांबायचे. ओळखीचं नसलं तरी थांबायचे. न्हाव्याला ते केस कसे कापायचे ते सांगायचे आणि डॉक्टरला आपल्याला काय झालंय ते.

एकदा बालाघाटहून कुणाचा तरी रॉंग नंबर लागला होता. त्या बिचाऱ्याला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान हवं होतं. सरांनी त्याला ट्रॅक्टरबद्दल सांगितलं, शेतीबद्दल सांगितलं, मुलांवर रागावू नये हेही सांगितलं. पुढे तो माणूस सरांच्या मुलीच्या लग्नाला आला आणि दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी पाठवू लागला. सर म्हणायचे, "पाहा, संवादाची ताकद." त्या संवादात तो माणूस "हॅलो" सोडून काही बोलला असेल असं मला वाटत नाही.

काकूंना कमी ऐकू यायचं. मुलीने त्यांना कानाची चांगली मशीन घेऊन दिली होती आणि काकू तिचा उपयोग फार विचार करून करायच्या. आम्ही आलो की त्या मशीन लावून बाहेर यायच्या, चहा विचारायच्या, घरच्यांची खुशाली घ्यायच्या. सरांनी घसा साफ केला की काकू शांतपणे मशीन काढून डबीत ठेवायच्या, डबी फडताळात तुरीच्या डाळीच्या डब्यामागे ठेवायच्या, आणि भाजी निवडायला बसायच्या. इतकी समाधानी बाई मी पाहिली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. सरांनाही त्याचं काही वाटायचं नाही. मशीन काढलेल्या काकूंशी ते तितक्याच उत्साहाने बोलायचे.

आणि असा माणूस आम्हाला शिकवायचा काय, तर ऐकणं.

पद्धत त्यांची स्वतःची होती. बाहेरच्या खोलीत दोन लाकडी खुर्च्या असायच्या, एक आलेल्या माणसाची, एक ऐकणाऱ्याची. खुर्च्या समोरासमोर ठेवायच्या नाहीत, जरा तिरक्या ठेवायच्या. चहाच्या टपरीवर दोघं बसतात तसं बसायचं, म्हणजे बोलणाऱ्याला वाटलं तर आपल्याकडे पाहता येतं आणि नाही वाटलं तर रस्त्याकडे. टेबलावर काचेची बरणी असायची. तिच्यात काकूंनी घरी मीठ लावून वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी. काकू त्या अशा वाळवायच्या की दगडाने फुटू नयेत. समोरचा माणूस खुर्चीत बसला की आपण एक फोड तोंडात टाकायची. ती मऊ होईपर्यंत बोलायचं नाही, फक्त "हं" म्हणायचं. चावली तर सर ओरडायचे.

"हं" म्हणायचं, "हाव" नाही. यावर त्यांचा फार कटाक्ष होता. आमच्याकडे माणूस बोलायला लागला की ऐकणारा दर वाक्याला "हाव ना", म्हणजे "हो ना", म्हणतो. सर म्हणायचे, "हाव म्हटलंस की तू त्याच्या बाजूची झालीस. मग उद्या त्याची बायको आली तर तिला काय सांगशील? हं म्हण. हं म्हणजे पुढे बोला." आणि सल्ल्याबद्दल म्हणायचे, "सल्ला द्यायची घाई ही आपली खाज असते बेटा, समोरच्याची नाही." हे सांगून ते आम्हाला सल्ला द्यायला लागायचे.

मध्येच उलटतपासणी घ्यायचे. तू कोण? समुपदेशक, सर. मानसशास्त्रज्ञ का नाही? त्याचं वेगळं शिक्षण लागतं सर, नोंदणी लागते. गोळ्या कोण देणार? डॉक्टर. मग तू काय देणार? वेळ, सर. "शाब्बास," असं म्हणून ते खुश व्हायचे आणि पुढचा तासभर आमचाच वेळ घ्यायचे.

सरावासाठी समोरचा माणूस सर स्वतःच बनायचे. कधी दारू सुटत नसलेला हमाल, कधी बारावीत नापास झालेली मुलगी, कधी सासरी घुसमटणारी सून. डोक्यावरून पंचा घेऊन ते सून व्हायचे तेव्हा हसू दाबणं हेच मोठं प्रशिक्षण असायचं. पहिली दोन वाक्यं ती सून बोलायची. तिसऱ्या वाक्यापासून सर सुरू व्हायचे, आणि थोड्या वेळाने ती सून शिक्षण खात्याच्या धोरणावर सडकून टीका करत असायची. आम्ही आवळा गालात धरून "हं" म्हणत बसायचो. तेव्हा वाटायचं, वेळ वाया जातोय. आता रुग्णालयात माझ्यासमोर सरळ न बोलणारा, दहा गावं फिरून मुद्द्यावर येणारा माणूस बसतो आणि मी निवांत असते. सरांना ऐकून झालेल्या माणसाला कुणाचंही ऐकता येतं.

माझी अडचण वेगळी होती. माझ्या बाबांचा सडक अर्जुनीला हायवेवर धाबा आहे. मी त्या धाब्यावर वाढले आणि तिथे माणसाचं तोंड पाहून काय हवं ते ओळखायचं असतं. ट्रकमधून उतरून आधी हातपाय धुणारा पोटभर जेवणार, खाट शोधणारा फक्त चहा घेणार, मोबाईल कानाला लावून आलेला जे पहिलं दिसेल ते मागणार. ड्रायव्हर बसायच्या आत मी आत आवाज द्यायची आणि माझं सहसा चुकायचं नाही. बाबांना याचा मोठा अभिमान होता. मला मात्र या गुणाने दोन मुलाखतींत घरी पाठवलं. पहिल्या वेळी समोर बसवलेला माणूस म्हणाला, "घरी जावंसं वाटत नाही." मी म्हटलं, "दारू किती घेता?" तो शाळकरी मुलाची भूमिका करत होता. दुसऱ्या वेळी समोरच्या बाईने "झोप" एवढा शब्द उच्चारला आणि मी तिला प्राणायामाचे प्रकार सांगायला लागले. तिला झोप फार येत होती.

दुसऱ्यांदा नाव आलं नाही तेव्हा बाबांनी मला खाटेवर बसवलं. ते रागावले नव्हते, तेच कठीण होतं. म्हणाले, "पोरी, मी तुले अडवून नाई राहिलो. पन माहे गुडघे आता उभं राहू देत नाई. एक डाव अजून देऊन पाय. लागली तर लागली, नाई तर गल्ल्यावर तूच बसजो. धाबा मी कोनाच्या हाती देऊ?"

यात बाबांचं काही चुकत नव्हतं. धाब्यावर मला कमीपणाही वाटत नव्हता. पण ड्रायव्हर जेवताना एखादं वाक्य टाकतात, "घरी बोलणं होत नाही" किंवा "पोरगा ओळखत नाही आता," आणि भाजी संपली की ते वाक्य तिथेच ताटात टाकून उठतात. त्या वाक्यांसाठी मला हे शिकायचं होतं. गल्ल्यावर बसून ती पुन्हा नुसती कानावरून जाऊ द्यायची, या विचाराने मला धडकी भरायची. सरांना मी हे सांगायला गेले तर ते म्हणाले, "थांब बेटा, आधी माझं ऐक. दरेकशाला जाऊ."

माघातली थंडी होती. कचारगडच्या डोंगरात गोंड लोकांची जत्रा भरली होती आणि दरेकशाच्या छोट्याशा स्टेशनावर परतणाऱ्या लोकांची गर्दी होती. सरांनी आम्हा चौघांना आवळ्याच्या फोडी वाटल्या आणि फलाटावर पांगवलं. काम एकच, कुणी आपणहून बोललं तर ऐकायचं. प्रश्न विचारायचा नाही, फोटो काढायचा नाही, कुणाला त्रास द्यायचा नाही. एवढं सांगून सर स्वतः फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि आम्हाला त्यांचा आवाज तिथून ऐकू येऊ लागला.

माझ्या शेजारी एक बाई येऊन बसली. पन्नाशीची असेल, जंगलपट्ट्यातल्या गावची. कपाळाला हळद, मांडीवर गाठोडं. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "दरसाली आमी दोघी बहिनी येतो. यंदा मी एकटीच आली."

मला सगळं कळलं. बहीण गेली. कशाने गेली असेल, किती दिवस झाले असतील, सांत्वन कसं करावं, सगळं धाब्यावरच्या ऑर्डरीसारखं जिभेवर तयार होतं. पण जिभेवर आवळा होता. मी म्हटलं, "हं."

"तिची बकरी माह्या परसात शिरली. मी दगड मारला. बकरी लंगडी झाली. तवापासून बोलत नाई माह्यासंग."

मी पुन्हा "हं" म्हटलं. बहीण जिवंत होती.

"ते का, तिकडं उभी हाये," बाईने हनुवटीने फलाटाचं टोक दाखवलं. "त्या टोपीवाल्यासंग बोलून राहिली." मग नीट पाहून तिनेच दुरुस्ती केली, "ते नाई बोलून राहिली. तोच बोलून राहिला."

तिकडे सर हातवारे करत होते आणि एक उंच बाई गाठोडं काखेत धरून त्यांच्या तावडीत सापडली होती. आम्ही दोघी पाहत राहिलो. माझ्या शेजारची बाई गाठोड्याची गाठ सोडत होती, बांधत होती. मग तिने विचारलं, "जाऊ का मी?" माझ्या मनात "जा, जा" असं इतक्या जोरात आलं की ते बाहेर ऐकू गेलं असतं. मी "हं" म्हटलं. तिने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, पदर खोचला, आणि उठून गेली.

पुढचं मी लांबून पाहिलं आणि ऐकलंही, कारण ती ठणकावूनच बोलली. ती सरांच्या आणि बहिणीच्या मधे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सरक गा बाबू. माही बहीन हाये ते." सरांचं बोलणं कुणीतरी तोडलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. ते खरोखर सरकले. मग त्या उंच बहिणीने हिच्या हातातलं गाठोडं घेतलं. गाडी आली तेव्हा त्या एकाच डब्यात चढल्या.

परतीच्या गाडीत सरांनी अख्ख्या डब्याला सांगितलं की दोन बहिणींचं भांडण त्यांनी आज कसं मिटवलं. माझ्या तोंडातला आवळा कधीच संपला होता. तरी मी गप्प राहिले आणि मला त्याचा फार आनंद झाला.

तिसरी मुलाखत उन्हाळ्याच्या तोंडावर आली. आदल्या दिवशी मी सरांच्या घरी गेले तर ते सायकल घेऊन कुठेतरी थांबलेले होते. काकूंनी मशीन लावली, मला आत बसवलं, बरणीतली सगळ्यात मोठी फोड निवडून कागदात बांधून दिली. मग सहज म्हणाल्या, "यांचीही झाली होती अशी मुलाखत."

मला हे माहीत नव्हतं. सरांना कॉलेजात शिकवायचंच नव्हतं. त्यांना नागपूरला एका इस्पितळात मानसशास्त्राच्या विभागात लागायचं होतं, अगदी खालच्या जागेवर, माणसांच्या शेजारी बसायला. मुलाखतीत समोर पेशंट आणून बसवला आणि सर बोलत सुटले. पेशंट उठून गेला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वर्षीही तेच झालं. मग त्यांनी कॉलेजची नोकरी धरली, कारण तिथे बोलायचाच पगार होता.

"त्यांना समजते सगळं," काकू म्हणाल्या. "पण राहवतच नाही त्यांना. म्हणून तुम्हा पोरांच्या मागे लागले असतात. तुमच्यातलं कोणी लागलं की दोन दिवस जेवणावर लक्ष नसते."

मी कागदाची पुडी ओढणीच्या टोकाला बांधली आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. कार्यालयाच्या व्हरांड्यात माझं नाव पुकारलं आणि घाबरून मी आवळा तिथेच तोंडात टाकला. आत गेले. टेबलामागे दोन डॉक्टर आणि एक मॅडम. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "नाव?"

मी म्हटलं, "हं."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मी पटकन ओळखपत्र पुढे सरकवलं. काकूंनी निवडलेली फोड होती, गालात मावत नव्हती आणि मऊ व्हायचं नावही घेत नव्हती. थुंकायला जागा नव्हती, चावायची हिंमत नव्हती. मला वाटलं, संपलं, आता गल्ला. मॅडमनी कंटाळून खूण केली आणि एक सिस्टर येऊन समोरच्या खुर्चीत बसल्या. सकाळपासून त्या प्रत्येक उमेदवारासमोर अशाच बसत होत्या. मी सवयीने माझी खुर्ची जरा तिरकी केली.

सिस्टरांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "अभ्यासात लक्ष लागत नाही."

"हं," मी म्हटलं.

त्या थांबल्या. त्यांना एवढंच वाक्य दिलेलं होतं. आतापर्यंतच्या सगळ्यांनी लगेच वेळापत्रक, ध्यान, मोबाईल असं काहीतरी सुरू केलं असणार, त्यामुळे पुढचं वाक्य लागलंच नव्हतं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबलाने काही मदत केली नाही. मी तशीच बसून होते, दुसरं काही करणं मला शक्यही नव्हतं.

"म्हणजे... नाहीच लागत," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचा आवाज बदलला. "पोराचं नाही लागत. दहावीला आहे. मी ड्युटीवर असते तर तो दार लावून बसतो. विचारलं तर चिडते. आज सकाळपासून तीनदा फोन लावला, उचलून नाही राहिला. आणि मी इथे बसून दुसऱ्यांना सांगून राहिली, लक्ष लागत नाही म्हणून." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. डोळे भरून आले होते. टेबलामागे कुणीतरी पेन खाली ठेवलं.

आवळा तेव्हा कुठे मऊ झाला. बोलायची वेळ आली आणि सरांनी शिकवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. जे आलं ते धाब्यावरचं आलं. मी विचारलं, "जेवला असेल का तो?"

"डबा ठेवला आहे," सिस्टर म्हणाल्या. "पण एकटा नाही जेवत तो. मी घरी गेल्यावरच जेवते तो." एवढं बोलून त्या थांबल्या, आपणच काय बोललो ते ऐकल्यासारख्या. "वाट पाहते माझी," त्या हळूच म्हणाल्या.

मी "हं" म्हटलं. त्यावर आणखी काही बोलायची मला गरज वाटली नाही आणि बोलले असते तर ते वाईटच झालं असतं.

मोठ्या डॉक्टरांनी सिस्टरांना घरी जायला सांगितलं. पुढच्या उमेदवारासाठी दुसरं कुणीतरी पाहू म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी मला विचारलं, तोंडात काय होतं? मी खरं ते सांगितलं. आवळा का, तेही सांगितलं. मॅडम तोंडावर हात ठेवून हसल्या. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, या तुम्ही.

यादी लागली ती मी धाब्यावर मोबाईलवर पाहिली. नाव होतं. दरेकशाच्या बाजूच्या एका ग्रामीण रुग्णालयात, कंत्राटी, पण होतं. बाबांनी मोबाईल हातात घेऊन माझं नाव दोनदा वाचलं, डोळे पुसले, आणि मग त्यांना एकदम आठवलं, "मंग गल्ल्यावर कोन बसन?" आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मी का मेली?" ती त्या दिवशी बसली ती आजही बसते, आणि बाबांपेक्षा चांगली बसते.

संध्याकाळी पाटवडीच्या रश्शाचा डबा घेऊन मी सरांकडे गेले. मिल नुकतीच बंद झाली होती. सर बाहेरच्या खोलीत एकटेच होते, काकू आत. मी दारात चप्पल काढली.

"सर, माझी..."

"थांब बेटा, आधी माझं..."

आणि ते थांबले. माझ्या तोंडाकडे पाहिलं, हातातल्या डब्याकडे पाहिलं. मग उठले, बरणीचं झाकण उघडलं आणि एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली. त्या बरणीतली फोड त्यांनी खाल्लेली मी कधी पाहिली नव्हती. आलेल्या माणसाच्या खुर्चीत मला बसवलं, ऐकणाऱ्याच्या खुर्चीत स्वतः बसले, खुर्ची जरा तिरकी केली, आणि म्हणाले, "हं."

मी सुरुवात केली. त्यांच्यासमोर वाक्य अर्धवट सोडायची मला इतकी सवय झाली होती की मी मध्येच थांबून त्यांच्यासाठी जागा करायची, आणि ते यायचेच नाहीत. त्यामुळे ती वाक्यं मलाच पुरी करावी लागली. मी सिस्टरांचं सांगितलं, तो दार लावून बसणारा मुलगा सांगितला. बाबांचे गुडघे सांगितले. गल्ल्याची किती भीती वाटत होती ते सांगितलं. हे मी कुणाला कधी बोलले नव्हते, आईलाही नाही. सांगता सांगता मी रडले. सर आवळा या गालातून त्या गालात नेत होते. एकदा त्यांचा उजवा हात बोलण्यासाठी वर उठला. त्यांनी तो धरून मांडीखाली दाबून ठेवला. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली की काय सांगू. नागपूरच्या त्या खुर्चीत ते आज बसले होते, आणि समोरचा पेशंट उठून जात नव्हता.

तेवढ्यात आतून काकू लगबगीने आल्या. चेहरा घाबरा, एका हाताने कानातली मशीन ठोकत होत्या.

"अगं, सेल गेला वाटते माझ्या मशीनचा," त्या म्हणाल्या. "तू आलेली दिसली म्हणून लावली, तर यांचा आवाजच ऐकू येऊन नाही राहिला. बघ बरं जरा."

"सेल चांगला आहे काकू," मी म्हटलं. "सर ऐकून राहिले आहेत."

काकूंनी सरांकडे पाहिलं. त्यांच्या फुगलेल्या गालाकडे पाहिलं, मांडीखालच्या हाताकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या. मशीन काढली नाही.

"थांबू नको मग," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांग. यांचा आवळा संपायच्या आत सांगून घे."

सरांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हं."